वाघाच्या वाटेवरची ग्रामसभा

यवतमाळ शहर मागे टाकून कळंबच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी कपाशी सुरू होते. पुढे 16 तालुक्यांच्या या जिल्ह्यात कुठेही जा, ती साथ सोडत नाही. दिवाळीच्या सुमाराला बोंडं फुटू लागलेली असतात, तुरीच्या ओळी उंच झालेल्या असतात आणि धुऱ्यावर सागाची पानं वाळायला लागलेली असतात. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, पश्चिमेला पुसदचे डोंगर. बाहेरचा माणूस इथे येतो तो दोनच गोष्टी ऐकून: शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि टिपेश्वरचा वाघ. मला आणखी एक गोष्ट पाहायची होती. ज्या गावांच्या शेजारी हे पर्यटन वाढतं आहे, त्या गावांच्या हातात त्याचा कारभार किती आहे?

पहिला मुक्काम कळंबचा. इथलं चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की कुंड लागतं आणि बाहेरचं ऊन एकदम मागे राहतं. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे गणेशाची आराधना केली, अशी कथा आहे. कुंडातलं पाणी ठरावीक वर्षांनी चढत जाऊन मूर्तीच्या पायांना लागतं, अशी इथल्या भाविकांची श्रद्धा आहे. मी बराच वेळ देवळाबाहेरच्या रस्त्यावर रेंगाळले. हार-दुर्वांची दुकानं, पेढेवाले, चहाच्या टपऱ्या, जेवणाच्या खानावळी. ज्यांच्याशी बोलले ते सगळे कळंबचेच. दर्शनाला आलेल्या माणसाच्या खिशातून निघालेला पैसा संध्याकाळपर्यंत कळंबच्याच किराणा दुकानात पोचलेला असतो. तीर्थयात्रा हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं ग्रामीण पर्यटन. ते शतकानुशतकं टिकलं, कारण पाहुण्याची सोय आणि त्यातून येणारी मिळकत या दोन्ही गोष्टी गावाकडे राहिल्या.

कळंबहून राळेगाव आणि तिथून वडकीला नागपूर-हैदराबाद महामार्ग. राळेगावच्या पट्ट्यात रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेताना विषय आपोआप 2018 वर गेला. टी-1 ही वाघीण, जिला बाहेरच्यांनी ‘अवनी’ नाव दिलं, तिने दोन वर्षांत 13 माणसं मारली असं वनखात्याचं म्हणणं होतं. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. शहरांतून निषेधाचे मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत वाघिणीची बाजू होती, शिकाऱ्याची होती, खात्याची होती. ज्या गावांनी जागलीला जाणं सोडलं, कपाशी वेचायला बायकांना घोळक्याने पाठवलं, त्या गावांचा आवाज फार क्षीण ऐकू आला. रात्री शेतात पिकाची राखण करणं म्हणजे जागल. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायचं तर जागलीला जावंच लागतं, आणि वाघाची भीती असेल तर जाता येत नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार आज 25 लाख रुपये देतं. त्या टपरीवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र वेगळीच मागणी सांगितली, ‘आमाले पैसा नाई पाह्यजे बाई, दिवसा लाइन पाह्यजे.’ पाण्याच्या मोटारीला वीज अनेकदा रात्री मिळते, म्हणून ओलिताला रात्री जावं लागतं. वाघ आणि माणूस यांचं सहजीवन विजेच्या वेळापत्रकात अडकलेलं आहे, ही गोष्ट ज्याच्या पायाखाली ते शेत आहे तोच सांगू शकतो.

करंजी ओलांडून पांढरकवड्याला पोचलं की टिपेश्वरचा फलक दिसतो. केळापूर तालुक्याचं मुख्यालय असलेलं हे गाव. जवळच केळापूरच्या जगदंबेचं जुनं ठाणं आहे. सुन्ना गेट इथून जवळ. सकाळच्या फेरीसाठी उजाडायच्या आत तिथे गाड्या लागतात, आणि त्यांत तेलंगणाच्या पाट्यांच्या गाड्या लक्षात येण्याइतक्या असतात. हैदराबादहून महामार्ग थेट इथवर येतो.

टिपेश्वर अभयारण्य 148.63 चौरस किलोमीटरचं. ताडोबाच्या तुलनेत लहान, आणि व्याघ्रप्रकल्पाचा दर्जाही नाही. टेकडीवरच्या टिपाई देवीवरून त्याला नाव मिळालं. सागाचं कोरडं पानगळीचं जंगल, मधे गवताची कुरणं, नाल्याकाठी दाट बांबू. आमचा गाइड शेजारच्याच गावातला विशीतला तरुण होता. एका मोकळ्या माळावर त्याने जिप्सी थांबवली आणि सांगितलं, ‘इथं गाव होतं.’ अभयारण्याच्या पोटातलं टिपेश्वर गाव पुनर्वसन होऊन बाहेर गेलं. जिथे घरं होती तिथे आता चितळांचा कळप चरत होता. माणसांनी जागा सोडली म्हणून गवत वाढलं, गवत वाढलं म्हणून चितळ आणि सांबर वाढले, आणि त्यांच्यामागोमाग वाघ वाढले. पर्यटक ज्याचे फोटो काढतो त्या वाघामागे एका गावाचं उठून जाणं आहे. हे गाइडने सांगितलं नसतं तर गाडीतल्या कुणालाच कळलं नसतं.

वाघ वाढले, जंगल तेवढंच राहिलं. म्हणून ते बाहेर पडतात. 2019 च्या फेब्रुवारीत टिपेश्वरमध्ये एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती. त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर तो निघाला. तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजूने, नांदेड, हिंगोली, वाशीम या जिल्ह्यांतून फिरत वर्षअखेरीला बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण चाल 3000 किलोमीटरहून जास्त भरली. हा सगळा प्रवास त्याने शेतांतून, नाल्यांच्या काठाने आणि गावांच्या शिवारांतून केला. मला त्या प्रवासाचा एकच अर्थ लागतो. वाघाचं घर कुंपणाच्या आत असलं तरी त्याची वाट शेकडो ग्रामपंचायतींच्या हद्दीतून जाते. त्या ग्रामपंचायतींना बाजूला ठेवून वाघ वाचणार नाही, आणि वाघावर उभं असलेलं पर्यटनही टिकणार नाही.

फेरी संपल्यावर गेटजवळच्या झाडाखाली बसून मी हिशेब समजून घेतला. प्रवेशाचं शुल्क, जिप्सीचं भाडं, गाइडचे पैसे असे त्याचे तीन भाग. गाइड आणि जिप्सीवाले आसपासच्या गावांतले, म्हणजे तेवढा पैसा गावाकडे जातो. पण माणूस रात्री जिथे राहतो, जेवतो, तिथे त्याच्या सहलीतला मोठा खर्च होतो. तिथे गावाचा हिस्सा येतो तो झाडलोट करणाऱ्या, स्वयंपाकघरात राबणाऱ्या हातांच्या मजुरीपुरता. कपाशीने कर्जात गेलेलं रस्त्यालगतचं शेत विकलं जातं, तिथे खोल्या उभ्या राहतात, आणि ज्याचं शेत होतं तोच रखवालदार म्हणून नोकरीला लागतो. वाघांच्या जंगलांभोवती असे सौदे होत आले आहेत. टिपेश्वर अजून लहान आहे, म्हणून इथे अजून वेळ आहे.

गावाला या कारभारात जागा आहे का? कायद्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 2002 साली दुरुस्ती झाली आणि 33-बी हे कलम आलं. प्रत्येक अभयारण्यासाठी एक सल्लागार समिती असावी आणि तिच्यात स्थानिक आमदारासोबत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असावेत, असं ते कलम सांगतं. जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन कसं करावं, स्थानिक लोकांचा सहभाग कसा घ्यावा, यावर या समितीने सल्ला द्यायचा आहे. एका गावाच्या पारावर मी हे कलम वाचून दाखवलं. तिथल्या कुणाच्याही कानावर ते आलेलं नव्हतं. तिथलाच एक तरुण ग्रामपंचायत सदस्य म्हणाला, ‘मॅडम, याचा फोटो द्या मले. येत्या सभेत वाचतो.’ त्या एका वाक्याने मला या प्रवासाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एका कोलाम पोडावर गेले. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. त्यांची कोलामी भाषा तेलुगू, गोंडी यांच्या कुळातली. पोडाच्या मधोमध चावडी होती, शेणाने सारवलेली, चारी बाजूंनी मोकळी. निवाडा तिथेच, सणाचा विचार तिथेच, आणि परगावचा पाहुणा आला तर त्याची पथारीही तिथेच. एक बाप्या बांबूच्या कांबी सोलत टोपली विणत होता. त्याने विचारलं, ‘वाघ पाह्याले आल्या का बाई?’ मी म्हटलं, ‘गाव पाहायला आले.’ तो हसला. ‘गाव पाह्याले कोणी येत नाही जी. रस्ता इथूनच जाते, गाडी थांबत नाही.’

थोड्या वेळाने बचत गटाच्या बायका आल्या. पाहुणे आले तर चालेल का, या प्रश्नावर त्यांनी आपापसात कोलामीत बरंच बोलून घेतलं. मग त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईने मराठीत अटी सांगितल्या. जेवण आम्ही करू, भाकर, वरण, रानभाजी, जे आम्ही खातो तेच. दारू आणायची नाही. फोटो काढायचा तर विचारून. आणि शेवटची अट, ‘आमची दंडार दिवाळीतच होते. पाहुण्यासाठी वायली नाचणार नाही.’ दंडार हा त्यांच्या देवाचा आणि हंगामाचा नाच. शाश्वत पर्यटनावर मी वाचलेल्या कितीतरी पानांपेक्षा या चार अटींत जास्त होतं. पाहुण्याला काय द्यायचं हे त्यांनी सांगितलंच, त्याबरोबर काय विकायचं नाही हेही ठरवलं. मला यात खरं नेतृत्व दिसलं. ते पदावर बसलेलं नव्हतं, सरपंचाची गाडी त्याच्याकडे नव्हती, पण गावाच्या वतीने ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्याच्यात होती.

या ताकदीला कायद्याचं बळ आहे. राळेगाव, मारेगाव, केळापूर, घाटंजी या पट्ट्यातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 चा पेसा, म्हणजे पंचायत राज अनुसूचित क्षेत्रांत नेणारा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. या कायद्यात पाडा, पोड, तांडा अशी छोटी वस्तीही स्वतःचा कारभार परंपरेने पाहत असेल तर स्वतंत्र गाव ठरू शकते आणि तिची स्वतःची ग्रामसभा असू शकते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचं व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क दिला. 2015 पासून राज्य सरकार आदिवासी उपयोजनेच्या निधीतला 5 टक्के हिस्सा थेट पेसा ग्रामपंचायतींना देतं. कायदा, निधी आणि सभा, तिन्ही आहेत. कमी आहे ती सवय: कागद वाचण्याची, ठराव लिहिण्याची, हिशेब चव्हाट्यावर मांडण्याची.

ही सवय लागते, हे विदर्भानेच दाखवलं आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने आधी अभ्यास गट चालवला. निर्णय बहुमताने घेण्याऐवजी सर्वांच्या संमतीने घ्यायचा, असं ठरवलं. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळवला. मेंढ्याने पर्यटन केलं नाही, पण पर्यटनासाठी जे लागतं ते आधी केलं: गावाने एकत्र बसायला शिकणं. ताडोबाशेजारच्या आगरझरीत गावाच्या परिस्थितिकीय विकास समितीने फुलपाखरांचं उद्यान आणि बोटिंग चालवून दाखवलं. यवतमाळच्या गावांना उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही.

पांढरकवड्याहून घाटंजी, आर्णी करत मी पुसदकडे वळले. कपाशीचं सपाट रान मागे पडतं आणि डोंगर सुरू होतात. बंजारा तांडे दिसू लागतात. पुसद तालुक्यातलं गहुली हे असंच तांड्याचं गाव. 1 जुलै 1913 रोजी वसंतराव नाईकांचा जन्म इथे झाला. 5 डिसेंबर 1963 पासून 11 वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. पण मी गहुलीला गेले ते त्यांच्या आधीच्या एका कामासाठी. महसूलमंत्री असताना लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल 1961 मध्ये आला, त्याच वर्षी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज सुरू झालं. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक गहुलीच्या सरपंचपदापासून सुरुवात करून मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रभर ज्या चौकटीत आज गावाचा कारभार चालतो, ती चौकट घडवणारा माणूस या जिल्ह्याचा होता. गहुलीच्या गल्लीतून चालताना मला सारखं वाटत होतं की हा वारसा पुतळ्याला हार घालून संपवण्याएवढा लहान नाही. यवतमाळच्या गावांनी सत्ता गावात आणण्याचं पुढचं पाऊल टाकावं, आणि पर्यटन हे त्यासाठी आलेलं नवं निमित्त आहे.

प्रवासाचा शेवट सहस्रकुंडाला. उमरखेडच्या पुढे पैनगंगा अभयारण्याचा जंगलपट्टा आहे. इथले लोक त्याला बंदीभाग म्हणतात. तिथून पुढे पैनगंगा काळ्या खडकांत उडी घेते. पावसाळ्यात हा धबधबा रौद्र असतो. मी गेले तेव्हा पाणी ओसरलं होतं, पण खडकांच्या कपारींतून निघणाऱ्या धारा मोजता येणार नाहीत एवढ्या होत्या. नदीच्या एका काठावर विदर्भातला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठावर मराठवाड्यातला नांदेड. पंचमुखी महादेवाचं देऊळ नांदेडच्या बाजूला. धबधबा एक, पण जिल्हे दोन, महसूल विभाग दोन, ग्रामपंचायती निराळ्या. प्लास्टिकच्या पत्रावळी आणि बाटल्या मात्र दोन्ही काठांवर सारख्याच पडलेल्या होत्या. पाण्याला हद्द कळत नाही आणि कचऱ्यालाही नाही. दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींनी एक संयुक्त समिती करून वाहनतळ, स्वच्छता, जीवरक्षक आणि दुकानांच्या जागा एकाच हिशेबात आणल्या तर ही जागा दहा वर्षांनीही पाहण्यासारखी राहील. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या 124 व्या कलमात यात्रेकरूंवर कर बसवण्याची तरतूद आहे. पाहुण्याकडून थोडे पैसे घेऊन त्याला स्वच्छ जागा देणं, यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

हा जिल्हा फिरून माझं मत पक्कं झालं आहे. यवतमाळमध्ये ग्रामीण पर्यटन येणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते आलं आहे. ते कुणाच्या नावावर लागणार, एवढंच ठरायचं आहे, आणि ते पुढच्या काही ग्रामसभांत ठरेल. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगावी सभा भरतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. त्या महिला सभेत पोडावरच्या त्या बाईंसारख्या अटी लिहून घ्याव्यात: किती घरं पाहुणे ठेवणार, दर काय, ग्रामकोषात किती टक्के जाणार, कचऱ्याचं काय करायचं, कुठला सण विकायचा नाही. रस्त्यालगतची जमीन विकण्याआधी ग्रामसभेत चर्चा व्हावी. अभयारण्याच्या सल्लागार समितीवरच्या तीन जागांवर कोण आहे, हे विचारावं, आणि कुणी नसेल तर ठराव करून नावं पाठवावीत.

आणि तुम्ही, जे टिपेश्वरला वाघ पाहायला किंवा सहस्रकुंडाला पाणी पाहायला जाल, त्यांना एकच विनंती. सफारीची वेळ ठरवताना गावात राहण्याची, जेवण्याची सोय आहे का, ते विचारा. जिथे राहाल तिथला पैसा कुणाकडे जातो, ते विचारा. गाइडला त्याच्या गावाचं नाव विचारा आणि वाघ दिसला नाही तरी त्या गावात एक वेळ जेवून या. पाहुणा हे प्रश्न विचारू लागला, तर ग्रामसभेलाही त्यांची उत्तरं तयार ठेवावी लागतील.